पेणला घडवा, ठाण्यात बसवा: वेगळ्या प्रोसेसरसाठी सोर्सपासून लिनक्स

आमच्या कळव्याच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी तो हातात रास्पबेरी पाय, म्हणजे आर्म प्रोसेसरवर चालणारा एका छोट्या बोर्डाचा संगणक, घेऊन वर आला. "दादा, लॅपटॉपवर मस्त चालणारा प्रोग्राम यावर कॉपी केला, तर एक्झेक फॉरमॅट एरर येतोय. पेन ड्राइव्ह खराब झाला असेल का?"

पेन ड्राइव्ह ठणठणीत होता आणि फाइलही. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक छोटी पाटी असते, ईएलएफ हेडर. त्यात ही फाइल कोणत्या प्रोसेसरसाठी आहे त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. इंटेल आणि एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर म्हणजे ६२, ६४ बिट आर्म म्हणजे १८३, रिस्क-फाइव्ह म्हणजे २४३. पायच्या कर्नलने (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने) पाटीवर ६२ वाचलं आणि फाइल दारातूनच परत पाठवली.

त्या दिवशी सुरू झालेली आमची शिकवणी पुढे पाच-सहा रविवार चालली. शेवटी त्याने स्वतः बांधलेलं लिनक्स आधी आर्मवर, मग रिस्क-फाइव्हवर सुरू करून दाखवलं. तोच रस्ता इथे लिहितोय. टर्मिनलमध्ये फोल्डर बदलणं, फाइल उघडणं आणि पॅकेज टाकणं जमत असेल तर एवढ्या तयारीवर निघता येईल. कमांड मी तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

आधी घरची तयारी

नवा लॅपटॉप लागत नाही. चार कोअर, ८ जीबी रॅम आणि ४० जीबी मोकळी जागा असलेला सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप पुरतो. त्यावर डेबियन किंवा उबुंटू असलं की पुढची वाट सोपी जाते. विंडोजमधलं डब्ल्यूएसएलही चालतं, फक्त काम लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करा, सी ड्राइव्हमध्ये नको. तिथे काम कासवाच्या गतीने चालतं, शिवाय विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. कर्नलच्या सोर्समध्ये नेटफिल्टरच्या काही फाइलींची नावं अगदी एकसारखी आहेत, एक कॅपिटलमध्ये आणि एक स्मॉलमध्ये. असा फरक न करणाऱ्या डिस्कवर सोर्स उघडला की त्यातली एक फाइल दुसरीच्या डोक्यावर बसते, आणि मग तुम्ही तासभर भलतीच चूक शोधत राहता. मॅकवाल्यांनाही हेच लागू.

फोल्डरच्या नावात स्पेस देऊ नका. "माझा प्रोजेक्ट" असं कौतुकाने ठेवलेलं नाव कर्नलची मेकफाइल पहिल्याच ओळीत नाकारते.

आता विजेचं. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावापुरतीच. बांधणी चालू असताना मशीन बंद पडलं तर परत चालू करून सरळ मेक (बांधणी चालवणारी कमांड) देऊ नका. अर्धवट लिहिलेल्या काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या होऊन पडलेल्या असतात. मेक फक्त तारीख-वेळ बघतो, त्याच्या लेखी त्या ताज्या आणि पूर्ण. अर्ध्या तासाने लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडणारा प्रोग्राम, भलत्याच नावाने बोंब मारतो. अशा वेळी बांधणीचा फोल्डर उडवायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. वेळ जातो, पण डोकं शाबूत राहतं.

एकाच वेळी किती कामं चालवायची ते मेकला जे या पर्यायाने सांगता येतं. सगळे म्हणतात, जितके कोअर तितका आकडा द्या. कर्नलसाठी ते ठीक. जीसीसी या कम्पायलरसारखा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला अगडबंब प्रोग्राम बांधताना मात्र एकेक काम जीबीभर रॅम सहज खातं. मधेच "इंटर्नल कम्पायलर एरर: किल्ड" असं दिसलं तर कम्पायलर बिघडलेला नाही. रॅम संपली म्हणून कर्नलने त्याला उचलून बाहेर फेकलंय. आकडा निम्मा करा, थोडी स्वॅप (डिस्कवरची उसनी रॅम) जोडा. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात तर आकडा कमी ठेवणं लॅपटॉपच्या पंख्यावरही उपकार आहे.

तीन शब्द पाठ करा

या विषयात नवखे जितके अडकतात, त्यातले बहुतेक एकाच जागी अडकतात: हा प्रोग्राम बनतोय कुठे आणि चालणार कुठे, याचा मनात घोळ होतो.

गणपतीची मूर्ती बघा. घडते पेणला, बसते ठाण्यात. पेणच्या कारखान्यात आपलं मखर नसतं, मखराचं माप असतं. माप चुकलं तर मूर्ती कितीही सुबक असली तरी घरी आणल्यावर मुकुट कमानीला अडतो, आणि तेव्हा मूर्तिकाराला फोन करून काही उपयोग नसतो. आपला लॅपटॉप म्हणजे पेण. रास्पबेरी पाय म्हणजे ठाण्याचं घर. या प्रकाराला क्रॉस कम्पायलिंग म्हणतात.

जीएनयूच्या भाषेत जिथे बनतं ते बिल्ड आणि जिथे चालणार ते होस्ट. होस्ट हा शब्द फसवा आहे. माणूस सहज समजतो की होस्ट म्हणजे माझा लॅपटॉप. इथे होस्ट म्हणजे पाय. तिसरा शब्द टार्गेट, तो फक्त कम्पायलरसारख्या हत्यारांना लागतो. हा कम्पायलर कोणत्या प्रोसेसरचा कोड बनवणार, ते टार्गेट. लॅपटॉपवर बनलेला, लॅपटॉपवरच चालणारा, पण आर्मचा कोड काढणारा जीसीसी असेल तर बिल्ड आणि होस्ट दोन्ही लॅपटॉप, टार्गेट आर्म. हे एकदा वहीत लिहून ठेवा. वही म्हणजे खरीच वही, पुढे रोज उघडावी लागते.

प्रोसेसरचं पूर्ण नाव जोडनाव असतं: एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू (सुरुवातीला दोन ए), रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू, एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू. पहिला भाग प्रोसेसर, मग कर्नल, मग कोणती सी लायब्ररी. कधी कधी मधे निर्मात्याचं नाव घुसवलेलं असतं, पीसी किंवा अननोन असं. त्याने घाबरू नका.

एक बारीक खोच आहे. एकाच प्रोसेसरला कम्पायलर एका नावाने हाक मारतो आणि कर्नल दुसऱ्या. कम्पायलरचा एएआर्च६४, तो कर्नलचा आर्म६४. कम्पायलरचा रिस्कव्ही६४, तो कर्नलचा नुसता रिस्कव्ही. एक्स८६_६४ ला कर्नल एक्स८६ म्हणतो, आणि पॉवर प्रोसेसरच्या सगळ्या भावंडांना मिळून पॉवरपीसी. माणसाचं शाळेतलं नाव एक आणि घरातलं दुसरं असतं, तसं.

पहिला रविवार: नमस्कार

थेट कर्नलला हात घालू नका. डेबियन-उबुंटूवर तयार क्रॉस कम्पायलर मिळतो, पॅकेजचं नाव जीसीसी-एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू. तो टाका, सोबत क्यूएमू-यूजर टाका. क्यूएमू म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याचं सोंग वठवणारा प्रोग्राम. मग सीमध्ये चार ओळींचा नमस्कार लिहा आणि:

एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी -स्टॅटिक नमस्कार.सी -ओ नमस्कार

यानंतर चालवण्याआधी फाइल ही कमांड द्या: फाइल नमस्कार. उत्तरात "एआरएम एएआर्च६४" आणि "स्टॅटिकली लिंक्ड" दिसायला हवं.

या सवयीबद्दल मी फार कडक आहे. ठाणे स्टेशनच्या ट्रान्सहार्बरच्या फलाटावरून वाशीलाही गाडी सुटते आणि नेरुळ-पनवेललाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भ्यापर्यंत काहीच फरक कळत नाही, तुर्भ्यानंतर मात्र एक सानपाड्याकडे वळते, दुसरी जुईनगरकडे. इंडिकेटर न बघता चढलेल्याला चूक तिथे कळते, आणि तोवर अर्धा तास गेलेला असतो. फाइल ही कमांड म्हणजे आपला इंडिकेटर. दर टप्प्यावर बघायचा.

आता क्यूएमू-एएआर्च६४ च्या पुढे फाइलचं नाव देऊन चालवा. नमस्कार छापला गेला? झकास. आता स्टॅटिक हा पर्याय काढून पुन्हा बनवा आणि चालवा. बहुधा "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येईल, तेही एलडी-लिनक्स-एएआर्च६४ अशा तुम्ही कधी न ऐकलेल्या फाइलच्या नावाने. पायवर चुकीची लायब्ररी असताना हाच प्रकार घडला तर संदेश आणखी फसवा असतो. फाइल डोळ्यांसमोर आहे, एलएस तिला दाखवतंय, आणि शेल म्हणतो फाइल नाही. नसलेली फाइल तुमची नव्हेच. डायनॅमिक प्रोग्रामला सुरू व्हायला एक लोडर लागतो, त्याचा पत्ता प्रोग्रामच्या आतच लिहिलेला असतो. त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, एवढंच कर्नल सांगतोय. आजपुरतं स्टॅटिक ठेवा, म्हणजे प्रोग्राम आपली शिदोरी सोबत घेऊनच निघतो.

काहींच्या लॅपटॉपवर आर्मचा नमस्कार क्यूएमूचं नाव न घेताही थेट चालतो. चमत्कार वगैरे नाही. बिनएफएमटी-मिस्क नावाच्या सोयीने कर्नलला सांगून ठेवलेलं असतं की पाटीवर १८३ दिसलं की काम क्यूएमूकडे द्यायचं. सोय चांगली आहे, पण घोळ लपवते. शिकताना ती बंद ठेवलेली बरी.

दुसरा रविवार: कर्नल

कर्नल.ऑर्गवरून दीर्घ मुदतीच्या शाखेतला सोर्स घ्या. दाबलेली फाइल साधारण शंभर ते दीडशे एमबीची असते, उलगडल्यावर जीबीच्या वर जाते. चेकसम जुळवून पाहा. ते दोन सेकंदांचं काम टाळून अर्धवट उतरलेल्या फाइलशी दुपारभर झगडलेला माणूस हे सांगतोय. हत्यारं म्हणून फ्लेक्स, बायसन, बीसी, तसंच ओपनएसएसएल आणि लिबएल्फची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतील.

सोर्स एकच ठेवा, पण प्रत्येक प्रोसेसरचा बांधणी फोल्डर वेगळा. त्यासाठी मेकला कॅपिटल ओ हा पर्याय आहे:

मेक ओ=../बांधणी-आर्म आर्च=आर्म६४ क्रॉस_कम्पाइल=एएआर्च६४-लिनक्स-जीएनयू- डिफकॉन्फिग

डिफकॉन्फिग म्हणजे त्या प्रोसेसरची ठरलेली सेटिंग्ज. आर्च आणि क्रॉस_कम्पाइल हे शब्द कॅपिटल अक्षरांत, आणि क्रॉस_कम्पाइलच्या शेवटचा हायफन मुद्दाम आहे. त्याच्यापुढे कर्नल स्वतः जीसीसी, एलडी वगैरे जोडून घेतो. मग हीच ओळ, शेवटी डिफकॉन्फिगच्या जागी इमेज. आधी कधी सोर्सच्या आतच बांधणी केली असेल तर तो "सोर्स ट्री स्वच्छ नाही" म्हणून अडतो, तेव्हा सोर्समध्ये मेक मिस्टरप्रॉपर (टाइप करताना मिस्टरच्या जागी नुसतं एमआर).

सगळ्यात जास्त नवखे इथे घसरतात. पहिल्यांदा ओळ बरोबर दिली, डिफकॉन्फिग झालं. मग वाटलं, जरा मेन्यू उघडून बघू, आणि बांधणीच्या फोल्डरात जाऊन सवयीने नुसतं मेक मेनूकॉन्फिग दिलं. आर्च न सांगितल्यामुळे कर्नलने लॅपटॉपचाच प्रोसेसर धरला, इंटेलचा मेन्यू दाखवला आणि बाहेर पडताना आर्मचं कॉन्फिग पुसून त्यावर इंटेलचं लिहिलं. तोंडाने एक शब्द बोलला नाही. म्हणून आर्च आणि क्रॉस_कम्पाइल दर वेळी टाइप करण्याऐवजी टर्मिनल उघडल्या उघडल्या एक्सपोर्ट करून टाका. दोन प्रोसेसर तर दोन टर्मिनल, आणि त्यांचे रंग वेगळे. आमचा आर्मचा टर्मिनल हिरवा, रिस्क-फाइव्हचा केशरी.

आर्म६४ चं डिफकॉन्फिग अवाढव्य असतं, कारण त्यात जगभरच्या बोर्डांचे ड्रायव्हर भरलेले असतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तासाभराच्या वर लागतो. आम्ही तेवढ्यात ठाण्याला जाऊन मामलेदार मिसळ खाऊन आलो. नाकाडोळ्यांतून पाणी काढत परत येईतो आर्च/आर्म६४/बूट या फोल्डरमध्ये इमेज नावाची फाइल तयार होती. इंटेलवर हिचं नाव बीझेडइमेज असतं, ३२ बिट आर्मवर झेडइमेज. नाव वेगळं, पद तेच.

तिसरा रविवार: पोटापुरतं घर

नुसता कर्नल म्हणजे भिंती आणि छप्पर. आत चूलसुद्धा नाही. शेल, एलएस, माउंट ही भांडी बिझीबॉक्समधून येतात, शेकडो कमांड एकाच प्रोग्राममध्ये. त्याचीही बांधणी कर्नलसारखीच: डिफकॉन्फिग, मग मेनूकॉन्फिगमध्ये सेटिंग्जमधलं स्टॅटिक बायनरी चालू करा. अलीकडच्या कर्नल हेडरसोबत बांधताना टीसी नावाच्या कमांडवर सीबीक्यू असं काही म्हणत तो थांबला, तर मेन्यूत जाऊन टीसी बंद करा. कर्नलच्या हेडरमधून ती जुनी व्यवस्था ६.८ च्या सुमारास काढून टाकली, बिझीबॉक्स तिला अजून शोधत बसतो. तुमची चूक नाही.

मेक इन्स्टॉल केल्यावर अंडरस्कोर-इन्स्टॉल नावाचा फोल्डर मिळतो. त्यात प्रॉक, सिस, डेव्ह असे तीन रिकामे फोल्डर करा आणि इनिट नावाची स्क्रिप्ट लिहा, कर्नल सगळ्यात आधी हीच चालवतो. पहिल्या ओळीत शेलचा पत्ता, मग प्रॉक, सिस आणि डेव्हटीएमपीएफएस माउंट करणाऱ्या तीन ओळी, शेवटी एक्झेक /बिन/एसएच. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. मग त्या फोल्डरच्या आत उभं राहून फाइंडची यादी सीपीआयओला (फाइलींचं एक गाठोडं बांधणारी कमांड) द्या, प्रकार न्यूसी, आणि जीझिपने दाबा. आत उभं राहूनच. बाहेरून केलं तर प्रत्येक पत्त्याच्या आधी फोल्डरचं नाव चिकटतं, कर्नलला मुळात इनिट सापडत नाही आणि तो "अनेबल टु माउंट रूट एफएस" म्हणून पॅनिक होतो.

आता क्यूएमू-सिस्टिम-एएआर्च६४. कॅपिटल एम पुढे व्हर्ट, सीपीयू कॉर्टेक्स-ए५७, स्मॉल एम पुढे ५१२, कर्नल म्हणून इमेज, इनिटआरडी म्हणून आपली दाबलेली फाइल, नोग्राफिक, आणि अपेंडमध्ये कन्सोल=टीटीवायएएमए०. सीपीयू लिहायला विसरलात तर व्हर्ट मशीन कॉर्टेक्स-ए१५ धरतं, जो ३२ बिटचा आहे. मग काळ्या पडद्यावर काहीच येत नाही, एररसुद्धा नाही. कन्सोलचं नाव चुकलं तरी तोच काळा पडदा, फरक इतकाच की आत कर्नल बिचारा व्यवस्थित चालू असतो, फक्त बोलतोय दुसऱ्याच खिडकीत. बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-ए, मग एक्स.

सगळं जुळलं तर शेवटी शेलची खूण येते. "जॉब कंट्रोल बंद" अशी एक तक्रार वर दिसेल, ती सोडून द्या. एक्झिट मात्र करू नका. इनिट संपला की कर्नल "अटेम्प्टेड टु किल इनिट" म्हणत पॅनिक होतो, घरातला कर्ता माणूसच उठून गेल्यासारखा.

जुळलं नाही आणि "फेल्ड टु एक्झिक्यूट /इनिट" दिसलं, तर शेजारचा आकडा वाचा. उणे १३ म्हणजे परवानगी द्यायची राहिली. उणे २ म्हणजे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला शेल जागेवर नाही. उणे ८ म्हणजे तोच आपला पहिल्या रविवारचा एक्झेक फॉरमॅट एरर: बिझीबॉक्स लॅपटॉपच्या कम्पायलरने बांधला गेलाय. त्या मुलाला उणे ८ आला तेव्हा त्याने मला विचारलंच नाही. गपचूप फाइल बिझीबॉक्स दिलं, स्वतःच्याच कपाळावर हात मारला आणि बांधणी पुन्हा सुरू केली.

चौथा: रिस्क-फाइव्ह

हा सगळ्यात लहान टप्पा, आणि म्हणूनच मला सगळ्यात आवडतो. आर्च=रिस्कव्ही, कम्पायलरची सुरुवात रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू-, नवा बांधणी फोल्डर, क्यूएमू-सिस्टिम-रिस्कव्ही६४, मशीन पुन्हा व्हर्ट, कन्सोल यावेळी टीटीवायएस०. कॉर्टेक्सचा सीपीयू पर्याय मात्र काढून टाका. बाकी सगळं तसंच. कर्नलच्या आधी पडद्यावर ओपनएसबीआय असं मोठ्या अक्षरांत उमटतं. ते या प्रोसेसरचं फर्मवेअर, क्यूएमू स्वतःच्या खिशातून देतो.

रिस्क-फाइव्हची आखणी २०१० मध्ये बर्कलीला सुरू झाली. कर्नलने त्याला मुख्य सोर्समध्ये जागा दिली ४.१५ पासून, म्हणजे २०१८ च्या सुरुवातीला. आराखडा खुला असल्याने आपल्याकडेही यावर प्रोसेसर घडले: आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सीडॅकचे वेगा. वेगाचं काम तिरुवनंतपुरमला झालं, पण सीडॅकचं एक केंद्र आपल्या खारघरलाही आहे. नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी हा प्रोसेसर परका समजू नये.

सोर्स एक, स्वभाव वेगळे

सोर्स सगळीकडे तोच असला तरी प्रोसेसरचा स्वभाव कोडमधून डोकावतो. माझ्या दृष्टीने या उद्योगाचा खरा फायदा इथे आहे. सीमधला कॅर इंटेलवर चिन्हासकट असतो, उणे १ धरू शकतो. आर्मवर आणि रिस्क-फाइव्हवर लिनक्समध्ये तो बिनचिन्हाचा, ० ते २५५. गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ते ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे १) ताडून पाहणारा लूप लॅपटॉपवर वर्षानुवर्षं थांबतो आणि पायवर कधीच थांबत नाही. दोष आर्मचा नाही, इंटमध्ये ठेवायचं ते कॅरमध्ये ठेवणाऱ्याचा. कर्नलने तर ६.२ पासून सगळ्याच प्रोसेसरवर कॅर बिनचिन्हाचा करून हा वाद मिटवला.

मेमरीच्या पानाचा आकारही असाच. इंटेलवर ४ केबी, हे आपण गृहीत धरून बसतो. आर्म६४ चा कर्नल ४, १६ किंवा ६४ केबीची पानं वापरून बांधता येतो, आणि रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ चा असतो. कोडमध्ये कुणी ४०९६ हा आकडा ठोकून बसवला असेल तर तिथे तो उघडा पडतो. आयबीएमच्या मेनफ्रेमचा एस३९०एक्स तर संख्यांचे बाइट उलट्या क्रमाने मांडतो. तो आपल्या घरी यायचा नाही, पण क्यूएमूत येतो.

पूर्ण सिस्टिम, स्वतःच्या हत्यारांनी

इथपर्यंत कम्पायलर आयता होता. तोही सोर्सपासून हवा असेल तर क्रम असा: बिनयूटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग सी लायब्ररीविना अर्धाकच्चा जीसीसी, मग कर्नलची हेडर, मग जीलिबसी (सी लायब्ररी), मग लिबएसटीडीसी++ (सी प्लस प्लसची लायब्ररी). जीसीसी पुढे पुन्हा एकदा बांधावा लागतो. लोक विचारतात, एकच काम दोनदा का? पूर्ण जीसीसीला सी लायब्ररी लागते, आणि सी लायब्ररी बांधायला जीसीसी लागतो. आधी कोंबडी की अंडं, तर आधी लंगडी कोंबडी, मग अंडं, मग धडधाकट कोंबडी. कर्नलची हेडर मधे येतात कारण ते मखराचं माप आहे. जीलिबसी त्या मापाने बेतला जातो.

या टप्प्यासाठी लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या पुस्तकाचा क्रम ओळ न ओळ पाळा, स्वतःची अक्कल दुसऱ्या फेरीला वापरा. फक्त एक लक्षात घ्या. तिथे लॅपटॉपवरच लॅपटॉपसारख्याच प्रोसेसरसाठी बांधणी असते, म्हणून मधे चरूट करून, म्हणजे नव्या फोल्डरलाच मूळ डिस्क मानून, नव्या घरात शिरता येतं. आर्मचं घर इंटेलवर बांधत असाल तर चरूट केल्या केल्या उणे ८ ची गाठ पडते. त्यातून वाटा दोन. मघाशी बंद केलेलं बिनएफएमटी-मिस्क आता मुद्दाम चालू करून क्यूएमूच्या आधाराने आत शिरा, म्हणजे चालेल पण रडतखडत. नाहीतर तात्पुरत्या हत्यारांपर्यंतचं घर पायच्या एसडी कार्डावर उतरवून उरलेली बांधणी प्रत्यक्ष पायवर करा. मी दुसरी वाट धरतो, रात्री लावून झोपतो.

कॉन्फिगर स्क्रिप्टना बिल्ड आणि होस्ट दोन्ही स्पष्ट सांगा. नाहीतर त्या छोटा प्रोग्राम बनवून चालवून बघतात आणि भलता निष्कर्ष काढतात. लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगवरही डोळा ठेवा. लॅपटॉपच्या लायब्ररींचे पत्ते आर्मच्या बांधणीत घुसवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

कुणाला फक्त चालतं लिनक्स हवं असेल, प्रत्येक वीट स्वतः रचायची हौस नसेल, तर बिल्डरूट घ्या. मेक क्यूएमू_एएआर्च६४_व्हर्ट_डिफकॉन्फिग, मग मेक. कम्पायलरपासून इमेजपर्यंत सगळं तो स्वतः बांधतो आणि आउटपुट/इमेजेसमध्ये ठेवतो. दर वर्षीची फेब्रुवारीची आवृत्ती दीर्घ मुदतीची असते, ती धरा. पण वरचे तीन रविवार आधी घालवा, म्हणजे बिल्डरूट अडला की तो कुठे अडलाय ते कळेल.

खऱ्या बोर्डावर

पीसीवर कर्नल विचारत जातो आणि हार्डवेअर आपली ओळख देतं. छोट्या आर्म बोर्डांवर असं विचारायची सोय नसते. कुठल्या पत्त्यावर काय बसलंय याची यादी आधीच द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात, फाइलचं शेपूट डीटीबी. ती मेक डीटीबीज देऊन तयार होते. पायच्या कार्डावर पहिला भाग फॅटचा, त्यात रास्पबेरीचं फर्मवेअर, कॉन्फिग.टीएक्सटी, बोर्डाची डीटीबी आणि आपली इमेज कर्नल८.आयएमजी या नावाने. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये आर्म_६४बिट=१ आणि इनेबल_युआर्ट=१ लिहा. कार्ड लावण्याआधी आणि नंतर एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) देऊन दोन याद्या ताडून पाहा. जे नाव नव्याने आलं तेच कार्ड, दुसऱ्या कशावरही लिहू नका.

एचडीएमआयच्या नादी न लागता यूएसबी ते सीरियलची केबल घ्या, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्टचा सिग्नल पायच्या पिना जाळू शकतो. ग्राउंड ६ नंबरच्या पिनला, केबलचं आरएक्स ८ ला, टीएक्स १० ला, वेग १,१५,२००. केबलची लाल वायर कुठेही जोडू नका. वीज बोर्डाच्या स्वतःच्या अडॅप्टरने द्या. पाय ४ ला ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. जुन्या मोबाइल चार्जरवर तो सुरू होतो, जोराचं काम आलं की आपोआप रीस्टार्ट होतो, आणि माणूस आपल्याच कर्नलवर संशय घेत बसतो. काकूंच्या मुलाचा अख्खा पाचवा रविवार त्या चार्जरने खाल्ला.

शेलची खूण आली की पहिली कमांड युनेम -एम. उत्तर एएआर्च६४ आलं की लगेच लॅपटॉपवर जाऊन दोन्ही कॉन्फिग फाइली, कर्नलची आणि बिझीबॉक्सची, तारीख घालून वेगळ्या ठेवा. त्यांच्या नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून साध्या एलएसला दिसत नाहीत, आणि आवरसावर करताना नेमक्या त्याच पुसल्या जातात.